ओटीतला फ्यूज

“फ्यूज काढला का ओटीत बांधायचा, बेटी. बोर्डावर नाही ठेवायचा, खिडकीत नाही, कोनाच्या हाती तं मुळीच नाही. अन् वरचा मानूस खाली उतरून तुया पुढं उभा राहत नाही, तोवर सोडायचा नाही. खुद्द देव मांगाले आला तरी.”

गयासुद्दीनचाचांना जाऊन तीन वर्षं झाली होती. पण कुणाच्याही घरच्या फ्यूजबोर्डासमोर उभं राहिलं की सत्यभामेच्या कानात तो विडीनं घासलेला आवाज यायचाच. राजापेठेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरातही आला. तिनं स्वयंपाकघराचा पांढरा, चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला, साडीच्या ओटीत गुंडाळला आणि कमरेशी दोनदा गाठ मारली. आत जाऊन टेस्टर लावून पाहिला. उजेड आला नाही. मग तिनं हात जोडले. समोर देव असो की भिंत, कामाला लागण्याआधी ती हात जोडायचीच. आणि ओट्यावर चढली.

स्वयंपाकघर नवंकोरं होतं. खाली ट्रॉल्या, वर काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, त्यावर भिंतभर कपाटं. मात्र शेजारी उभ्या राहिलेल्या इमारतीनं खिडकीतला उजेड बंद केला होता आणि उरलासुरला त्या कपाटांच्या सावलीत जायचा. सकाळी अकरा वाजता ओट्यावर आपला हात कुठं पडतोय ते दिसत नव्हतं. त्यासाठीच कपाटांच्या बुडाला एलईडीची पट्टी चिकटवायची होती. स्विचबोर्डातून तार ओढायची, ती कपाटाखालच्या छोट्या अडॅप्टरला जोडायची, तिथून पट्टीला. अवघड काम नव्हतं. मान मात्र मोडायची. अर्धं अंग आडवं करून, तोंडात स्क्रू धरून वरच्या फळीकडे पाहत राहायचं.

“मी धरू का बॅटरी?” खालून सीमानं विचारलं. सीमा म्हणजे या घरची सून. तिशीची असेल. बोलताना दाराकडे बघून बोलायची.

“धर. अशी तिरपी. हां.”

“ताई, तुमाले भेव नाही लागत करंटचं?”

“लागते ना. पन करंट लय सरळ राह्यते पाय. आपन चुकलो तं मारते. बिनकारनी नाही मारत.”

सीमाच्या हातातल्या बॅटरीचा झोत हलला, आणि हलता हलता तिच्या स्वतःच्याच दंडावरून गेला. सत्यभामेनं पाहिलं. दंडावर आत वळलेल्या दोन जोडखुणा होत्या, सांडशीच्या टोकाएवढ्या. एक जुनी, काळी पडलेली. एक ओली.

बाहेरच्या खोलीत टीव्हीवर कीर्तन चालू होतं. दिवाणावर सीमाची सासू पार्बताबाई वाती वळत बसली होती. तिनं लाख वातींचा नेम धरला होता. पितळी परातीत कापसाच्या वातींचा पांढरा ढीग झाला होता, आणि कपाळाच्या घामाचं बोट सुद्धा वातीला लागू नये म्हणून ती मधूनमधून ओल्या फडक्याला हात पुसायची. सत्यभामा आली तेव्हा तिचं आधी तिकडेच लक्ष गेलं होतं आणि तिनं मनोमन नमस्कार केला होता. तिचाही एक नेम होता. चौदा वर्षं झाली, सांजेला मोर्शीच्या घरी तुळशीपुढे स्वतःच्या हातानं दिवा लावल्याशिवाय ती घास घेत नसे. म्हणून तर अमरावतीचं काम कितीही असो, चारची मोर्शी गाडी तिनं कधी चुकवली नव्हती.

“ताई,” सीमा हळूच म्हणाली, “हा लाइट लागला का किती दिसन?”

“पूरा ओटा दिसन.”

“पूरा?”

“मिठाचा दाना बी मोजशीन.”

सीमा ओट्याच्या टोकाला, जिथं डाळ-तांदळाचे डबे होते, तिकडे बोट करून म्हणाली, “थोडासा कोपरा सोडता येत नाही का? इकडचा? एवढा?”

“काहून व? लोकं कोपऱ्यासाठी भांडतात मह्यासंग, कोपरा काळा राह्यला म्हनून. अन् तू सोडाले सांगून राह्यली?”

सीमा हसली. हसताना तिनं ओठाच्या एका बाजूला हात लावला.

“मंगळवारी वरनात केस निघाला. मी म्हनलं, दिसला नाही जी, अंधार राह्यते. त्याच्या आंधी भातात खडा निघाला, तवाही हेच म्हनलं. तं सर म्हने, ठीक आहे, लाइट लावून देतो.” नवऱ्याला ती सर म्हणायची, सारी राजापेठ म्हणायची, त्याचे क्लासेस होते. “आता लाइट लागला का मंग म्या काय सांगू, ताई? एक तेवढी सोय व्हती. दिसत नाही म्हनाची.”

सत्यभामेच्या तोंडात स्क्रू होता. तिनं तो काढला नाही. काही वेळा तोंडात स्क्रू असलेला बरा.

अशी कामं ती मुळात शिकलीच नव्हती. ती मोर्शीची, मोटरी भरणाऱ्या गोवर्धनची बायको. गोवर्धन दुकानात जळक्या पंपांच्या मोटरी खोलायचा आणि सत्यभामा घरी मांडी घालून तांब्याच्या तारेचे वेढे घालायची. किती वेढे झाले ते बोलता बोलताही चुकायचं नाही. चुकलं तर गोवर्धनचा हात पडायचा. तो हात कामाला फार चांगला होता आणि मारायलाही. शेजारचं घर आणि दुकान गयासुद्दीनचाचांचं. मधल्या कुडातून सगळं ऐकू जायचं. एखाद्या दिवशी आवाज फार वाढला की चाचा उगाच दारात येऊन उभे राहायचे आणि पाना मागायचे. पाना त्यांच्याकडे चार होते.

चौदा वर्षांपूर्वीचं ते साल वाईट होतं. त्या सालानंतरचीही बरीच सालं वाईटच आली, पण ते पहिलं. मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागा उभ्या वाळत होत्या. विहिरीत जे ओंजळभर पाणी होतं ते उपसायला वीज दिवसाकाठी तीन-चार तास यायची आणि त्या तासांसाठी माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जायची. एका बांधावर कुऱ्हाड चालली. दुसऱ्या बांधावर भावानं भावाचे दात पाडले. चैत्रातल्या एका दुपारी खुशालरावांच्या बागेकडची तार जळाली म्हणून गोवर्धन खांबावर चढला. चढण्याआधी त्यानं डीपीचा, म्हणजे त्या शिवाराच्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतला फ्यूज काढला आणि खाली उभ्या सत्यभामेच्या हातात दिला. त्या पेटीवर आणखी सहा जणांच्या मोटरी होत्या.

सहाही आले. खुशालराव पुढं. त्यांचे डोळे लाल झाले होते. “फ्यूज लाव म्हनलं! अर्धा घंटा उरला लाइनचा! झाडं मरून राह्यले माहे!”

“ते वर हायेत जी. जरासक थांबा.”

“झाडं थांबतात का व? दे इकडं!”

तिनं हात मागे नेला. खुशालरावांनी तिच्या कानशिलात ठेवून दिली. कान घूं करून उठला, आणि त्या घूंमध्ये तिचा हात आपोआप पुढं झाला. फ्यूज तिनं दिला. कुणी हिसकावला नाही. दिला.

गोवर्धन खांबावरून पडला तेव्हा त्याच्या हातात पक्कड तशीच होती.

त्याच दिवशी सकाळी त्याच कानावर गोवर्धनचा हात पडला होता, चहा थंड झाला म्हणून. खांबाखाली ती घाबरून हात पुढं करून बसली, की हात पुढं होताना मनात दुसरंही काही होतं? हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. तुळशीपुढे दिवा लावतानासुद्धा विचारलं नाही. खुशालरावांनी त्या महिन्यात बाग स्वतःच्या हातानं तोडली. बाई, मला जोड्यानं मार, म्हणत एकदा दारात येऊन बसले. तिनं त्यांना पाणी दिलं.

तेराव्यानंतर गयासुद्दीनचाचांनी तिला दुकानात बोलावलं. हातात एक जुना फ्यूज ठेवला. आणि ते सगळं सांगितलं. बोर्डावर नाही, खिडकीत नाही, कोनाच्या हाती तं मुळीच नाही. “जबान दे, बेटी.” तिनं दिली. विधवेची ओटी कुणी भरत नाही. तिची त्या दिवसापासून फ्यूजनंच भरली गेली. पुढे बोअर आटले. पाणीच नाही म्हटल्यावर मोटरी जळणार कशानं? मोटर भरायची दुकानं एकेक करून बंद पडली, आणि सत्यभामा चाचांकडून घरगुती वायरिंग शिकून अमरावतीची एसटी धरायला लागली.

*

दीड वाजता नितेशसर घरी आले. एरवी ते दोनला येत, असं सीमा म्हणाली होती, आणि तिच्या हातातली बॅटरी खाली पडली त्यावरून ते लवकर आले हे सत्यभामेला वर आडवं असतानाच कळलं.

बूट काढले, हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला, आईला विचारलं गोळी घेतली का. माणूस नेटका होता. आवाजही चांगला, गार.

“झालं का ताई?”

“अर्धा घंटा, सर. अडॅप्टर जोडाचा राह्यला.” तिनं तारेची दोन्ही टोकं नुकतीच सोलली होती. बोटभर तांबं उघडं होतं, कपाटाखाली लोंबत, मिठाच्या डब्याच्या बरोबर वर.

“सावकाश करा. सीमा, वाढ.”

तो ओट्यापाशी उभा राहूनच जेवायला लागला. दोन घासांनंतर थांबला. मोबाइलची बॅटरी लावली आणि ताटातल्या वरणात बोट घालून काहीतरी वेगळं केलं. ताटाच्या कडेला ठेवलं.

“सीमा, इकडे ये. हे काय आहे?”

सीमा जवळ येऊन ताटावर वाकली.

“प्रश्न कळला नाही का? हे काय आहे?”

“डायीतला किडा.”

“मोठ्यानं. शेवटच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे.”

“किडा हाये जी.”

“निवडताना दिसला नाही?”

“लाइन बंद व्हती ना. अंधार—”

पुढचा शब्द तिच्या तोंडात राहिला. त्यानं तिचे केस मुठीत धरून डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. आवाज फार मोठा झाला नाही, नारळ फोडताना होतो तेवढाच. मग दुसऱ्यांदा. ताट खाली गेलं, वरण ट्रॉल्यांवर उडालं. तो ओरडत नव्हता. प्रत्येक वेळी विचारत होता, “अंधार कुठे आहे? इथे आहे? की इथे?” आणि विचारून मारत होता, पोटात गुडघ्यानं, पाठीत कोपरानं. सीमा खाली बसली तसं त्यानं गरम वरणाचं पातेलं उचललं आणि तिच्या पायावर उलटं केलं. तेव्हा ती पहिल्यांदा ओरडली.

बाहेर टीव्हीचा आवाज वाढला. कीर्तनातला टाळ घरभर वाजायला लागला.

“सर, सोडा तिले!” सत्यभामा ओट्यावरून म्हणाली. तिचे गुडघे त्याच्या तोंडासमोर होते, तरी त्यानं वर पाहिलं नाही. घरातल्या पंख्यानं बोलावं आणि आपण लक्ष देऊ नये, तसं. “सर! पोरीचा जीव जाईन!”

“प्रकाशाचा पाठ आहे, ताई. थोडा वेळ लागतो.” त्यानं सीमाला काखेत धरून उभं केलं, तिचा वरणानं ओला हात मनगटाशी पकडला आणि वर नेला, कपाटाच्या बुडाशी, त्या दोन उघड्या टोकांवर टेकवून धरला. “अंधार म्हणते ना? आता आतून उजेड पडेल. फ्यूज लावून या.”

सत्यभामेला क्षणभर वाटलं, हा माणूस थट्टा करतोय. मग तिनं त्याचं तोंड पाहिलं. कपाळावर घामाचा थेंबही नव्हता.

ती ओट्यावरून उतरली. पण बोर्डाकडे गेली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

“कुठे आहे फ्यूज?”

“मह्यापाशी.”

“द्या.”

“नाही.”

“घर माझं आहे. फ्यूज माझा आहे.”

“असन. देत नाही.”

त्यानं सीमाला सोडलं. दोन पावलांत आला आणि सत्यभामेच्या कानाखाली मारली. तोच कान. चौदा वर्षांत त्या कानाला कुणी हात लावला नव्हता. पण घूं तिथं तसाच थांबून राहिला होता जणू, लगेच उठला. खांब आला, ऊन आलं, लाल डोळे आले. तिचा हात हलला. तिला वाटलं, गेला पुढं. तिनं खाली पाहिलं. हात ओटीवर होता आणि गाठ मुठीत गच्च होती.

त्यानं दुसरी मारली. तिचा ओठ दातांवर फाटला. मग त्यानं तिची मूठ उलगडायचा प्रयत्न केला आणि ती उलगडेना तेव्हा सरळ ओटीलाच हात घातला. साडी कमरेशी टरकन फाटली.

“नितेश!”

दारात पार्बताबाई उभी होती. एका हातात अर्धी वळलेली वात. “बाईच्या ओटीले हात लावतं रे? परक्या बाईच्या? काय हे! माह्या नेमाच्या दिवसात!”

त्याचा हात भाजल्यासारखा मागे आला. कान लाल झाले. आईसमोर शाळकरी पोरासारखा तो खाली बघत उभा राहिला. सत्यभामेनं ते पाहिलं आणि तिला मारापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

“देव पाह्यते सारं,” पार्बताबाई म्हणाली.

“हो माय,” सत्यभामा ओठ पुसत म्हणाली. “ते बी पाह्यलं असन मंग त्यानं.” तिनं मानेनंच खाली दाखवलं. सीमा सिंकपाशी भिंतीला टेकून बसली होती, पायावरची कातडी हातानं झाकून.

पार्बताबाईनं तिकडे पाहिलं नाही. “तू निघ,” ती म्हणाली. “चांगल्या घरात भांडनं लावाले येता का तुमी? निघ आंधी.”

नितेशनं सत्यभामेची अवजारांची पिशवी उचलून जिन्यात फेकली. पक्कड, टेपचं रीळ, स्क्रूचा डबा, सगळं पायऱ्या मोजत खाली गेलं. “राहू द्या तुमचा फ्यूज,” तो पुन्हा गार आवाजात म्हणाला. “मला आता क्लासला जायचंय. सातला आलो की तार गुंडाळून मीच सुरू करतो. तुमच्यावाचून काही अडलं नाही.”

दार लागता लागता आतून सीमाचा चेहरा दिसला. ती काही मागत नव्हती. नुसती पाहत होती, जाणाऱ्या माणसाकडे पाहतात तशी.

“मी वापस येतो, सीमा,” सत्यभामा म्हणाली. “मी काम अर्धं टाकत नसतो.”

दार बंद झालं.

*

चारची मोर्शी गाडी फलाटाला लागेपर्यंत ती बसस्थानकाच्या बाकावर बसून राहिली. तिथल्या नळाला तोंड धुतलं. फाटलेल्या जागी पदर खोचून घेतला. कुणी विचारलं नाही. बाईच्या तोंडावरचा मार लोक ओळखतात आणि दुसरीकडे पाहतात. खिडकीची जागा मिळाली. शेजारच्या म्हाताऱ्यानं मांडीवर संत्र्यांची पिशवी घेतली होती. त्यानं एक सोलून अर्धं तिच्यापुढे धरलं.

“घे माय.”

“दिवा लावल्याबिगर खात नाही, बावाजी.”

“मंग रस पेजो. रस म्हनजे खानं नाही.” म्हातारा आपल्याच बोलण्यावर हसला. तीही हसायला गेली आणि ओठ दुखला.

कानातला घूं अजून थांबला नव्हता. त्या आवाजात एक बरं होतं, विचार ऐकू येत नव्हते. एवढंच कळत होतं की हात ओटीवर आहे आणि ओटीत फ्यूज आहे. या वेळेस दिला नाही. चौदा वर्षं ती ज्या एका क्षणाकडे पाठ करून बसली होती, तो पुन्हा आला होता आणि तिनं फ्यूज दिला नव्हता. चाचा, मी जबान पाळली. आज तुळशीपुढे दिवा लावताना मान वर करता येईल, असं तिला वाटलं. सीमाकडे उद्या जाऊ. चारचौघी बाया घेऊन जाऊ. आज अंगात जीव नाही.

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. गाडीत थरथर आली, आणि त्या थरथरीत तिच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीतून टेपचं काळं रीळ घरंगळत बाहेर आलं.

नवं रीळ. तोंडही न उघडलेलं.

ती त्या रिळाकडे पाहत राहिली. टोकं सोलली. टेप लावला नाही. अडॅप्टर जोडला नाही. दोन उघडी टोकं लोंबताहेत, मिठाच्या डब्यावर बरोबर. वायरिंगच्या इतक्या वर्षांत तिनं कधी उघडी टोकं मागे सोडली नव्हती, आज सोडली. आणि तो सातला येणार. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणार. सीमाचे हात ओले. अंधारात ती मिठाचा डबा चाचपून घेते. किंवा तिनं चाचपायचीही गरज नाही. तो पुन्हा मनगट धरून वर नेईल. फ्यूज मागायलासुद्धा आता कुणी लागणार नाही त्याला.

फ्यूज सोडायचा नाही, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं. चाचांचं सांगणं तेवढंच नव्हतं. वरचा माणूस खाली उतरून पुढं उभा राहत नाही तोवर, असं ते म्हणाले होते. ती फ्यूज घेऊन निघून आली होती आणि माणूस वरच राहिला होता. दुसऱ्या मजल्यावर, सिंकपाशी, भाजलेला पाय धरून.

तिनं पिशवीतून मोबाइल काढला. कुलसुमबीला लावला, चाचांच्या बायकोला, तिच्या भिंतीला भिंत शेजारणीला.

“चाची, ऐका. आज मह्या घरी दिवा तुमी लावजा.”

“कोनता दिवा?”

“तुळशीचा. किल्ली तुमच्यापाशी हायेच.”

“अगं, तो तुयाच हातचा लागते ना? चौदा वर्सं झाले, तापानं फनफनून होती तरी घासत घासत आंगनात गेली होती. मी पाह्यलं ना. अन् आज मले सांगून राह्यली?”

“आज तुमच्या हातचा चालते.”

“तेल कोनतं टाकू? मले तं काही पढताही येत नाही तुमचं.”

“तिळाचं हाये, कोनाड्यात. काही म्हनू नका. लावून हात जोडजा फक्त.”

“तुहा आवाज काहून असा येऊन राह्यला, सत्यभामा? कोनी मारलं का तुले?”

“मंग सांगतो.”

“येते कवा तू?”

“उशीर होईन. काम राह्यलं.”

“किती राह्यलं?”

सत्यभामेनं खिडकीतून बाहेर पाहिलं. ऊन उतरायला लागलं होतं. चार वाजून सात मिनिटं. “एक मानूस वरून खाली उतरवाचा हाये, चाची,” ती म्हणाली. “तो उतरला का येतो. कदाचित संग घेऊनच येतो. एक गोधडी जास्तीची काढून ठेवजा.”

कंडक्टरनं दोरी ओढायला हात वर केला होता. ती उठली तसा तो वैतागला. “बाई, बसल्या कायले, उठल्या कायले? घर इसरले का?”

“नाही भाऊ. टेप लावाचा इसरलो.”

त्याला काही कळलं नाही. तिनं टेपचं रीळ उचललं, दातानं त्याचं तोंड उघडून पाहिलं, नीट निघतं का ते. निघत होतं. पिशवी खांद्याला अडकवली. खाली उतरून फलाटाच्या खांबाआड ती क्षणभर थांबली आणि फाटलेली ओटी सोडून फ्यूज पुन्हा बांधला. या वेळी पदराचं टोक घेऊन, तीन गाठी मारून. मग हात जोडले. समोर धूळ उडवत वळणारी मोर्शी गाडी होती, दुसरं काही नव्हतं.

बसस्थानकाबाहेर ऑटोवाले ओरडत होते. ती त्यातल्या शेवटच्या ऑटोत जाऊन बसली.

“राजापेठ,” ती म्हणाली.

“दोन शीट अजून भरू द्या, ताई.”

“नको. येताना भरजो,” सत्यभामा म्हणाली, आणि ओटीवर हात ठेवून पुढं पाहत राहिली.